नावानिशी

सात वर्षं तो आमचा वार्ताहर होता.
नुसता ‘वार्ताहर’. नाव नाही, आडनाव नाही,
छापून आलेल्या सेंटिमीटरवर महिन्याचा हिशेब,
चारशे साठ रुपये, कधी पाचशे दहा,
तेही ठाण्याला येऊन, सही करून न्यायचे.

रात्री साडेअकराला त्याचा मजकूर यायचा.
मी ‘पानी’चं ‘पाणी’ करायची,
उद्गारचिन्हं काढून टाकायची,
आकड्यांना मात्र हात लावत नसे.
करावे गावाच्या उघाडीवर तो चिंबोऱ्यांना बसायचा,
विजेरी विझवून, गुडघाभर चिखलात,
आणि जाळ्यात काय आलं ते राहायचं बाजूला,
आज सतरा डंपर. आज बावीस.
परवा तिवरं त्या खांबापर्यंत होती,
आज खांबाच्या अलीकडे राडारोडा.
नंबरवर शेन फासलंय मॅडम,
पन तिसऱ्या गाडीचा डावा दिवा फुटलेला हाय,
तेवढं लिवा.

दिवा मी कापला.
जागा नव्हती. खाली पडद्यांच्या सेलची जाहिरात होती.

मग एकदा, बराच वेळ अडखळून,
एक वेळ नाव टाका ना, म्हणाला.
म्हातारीला वाटतं, मी रातभर पत्ते कुटतो.

टाकलं.
पान तीन, मथळ्याच्या खाली, ठळक बारा पॉइंटात :
हिराजी मढवी.
मला वाटलं, मी त्याला काही देतेय.

चौथ्या रात्री, पाम बीच रस्त्याच्या कडेला
स्कूटर एकीकडे, चपला दुसरीकडे,
चिंबोऱ्यांची बादली मात्र उभीच्या उभी.

नेरूळहून बातमी आली नाही.
येणार कशी? नेरूळच्या बातम्या पाठवणारा
वाशीच्या पालिका रुग्णालयात पाय टांगून पडलेला.
मीच केली. चार ओळी.
‘पत्रकार’ लिहिलं होतं. वरून फोन आला,
त्याच्याकडे आपलं कार्ड आहे का?
नव्हतं. आपणच दिलं नव्हतं.
मग ‘दुचाकीस्वार’ केलं,
अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार जखमी,
आणि लाज वाटावी अशी गोष्ट,
ओळ बरोबर भरली म्हणून बरं वाटलं.

भेटायला गेले. आईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
तिच्यात एक्स-रे, आधार कार्ड
आणि ते कात्रण, घडीवर झिजलेलं.
केसपेपरवाल्यानं धंदा विचारला
तेव्हा तिनं तेच पुढे केलं होतं.
त्यानं वाचलं. लिहिलं : मासेमारी.
तूच ना गो ती, नाव टाकनारी?
मी हो म्हणाले.
पुढचं ती बोलली नाही. मोसंबं सोलत राहिली,
सालीचा पांढरा दोरान् दोरा काढत.

हिराजी गुंगीत होता. एकदाच डोळे उघडले.
डावा दिवा, म्हणाला.
पोलिसांना सांगितलंस?
सांगितलं. ते म्हणाले, दिवा कुनाचाबी फुटतो,
आधी कुठं लिवलंय का तसं?

लिहिलं होतं.
माझ्या फोनमध्ये होतं, अकरा बेचाळीसला आलेलं,
तारखेसकट, शेणासकट, दिव्यासकट.
ऑफिसच्या प्रिंटरवर कागद काढला,
पहिल्यांदाच ‘पन’चं ‘पण’ न करता.

दुसऱ्या दिवशी ठाण्याहून निघाले, संपादकांना न विचारता.
पोलीस चौकीतल्या पंख्याखाली
हवालदारानं कागद दोनदा वाचला,
वहीत नवं पान काढलं.
हे कोणाकडे होतं इतके दिवस?
माझ्याकडे.
नाव सांगा. पूर्ण. राहता पत्ता पण.

बाहेर कुठलीतरी मोठी गाडी मागे येत होती,
टुंई टुंई टुंई करत, भिंतीला लागेल इतकी जवळ.
त्यानं पेन वहीला टेकवून ठेवलं होतं.
मी आधी खिडकीकडे पाहिलं.