साउमावशीची वही

आधी तिनं तो तांदळात पुरला.
तीन दिवस. होडीतल्या पिंपात, वर झाकण, झाकणावर दगड.
चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला
तेव्हा चार्जिंगच्या भोकात एक दाणा फुगून बसला होता.
चिमट्यानं काढला.
"भात काही शिजला नाही," मी म्हटलं.
ती हसली नाही.

सगळ्यांना सांगून थकलो :
तांदूळ पाणी पितो, नदी पीत नाही.
पाणी उडून जातं, नदी आत राहते,
गाळ, डिझेल, माशाचा एखादा खवला
आणि तांब्यावर चढत जाणारी हिरवी बुरशी.

साउ म्हणजे सहा. ती घरातली पाचवी.
आमच्याकडे थोरल्यालाच दुसरा म्हणतात,
पहिला कुणी नसतोच.
अशा मुलखात उधारी लिहून ठेवलेली बरी.

काय रांगच्या तरंगत्या बाजारात
बांबूच्या टोकाला अननस टांगून
पहाटे चारपासून तिची होडी उभी असते
आणि अर्धा बाजार तिचं देणं लागतो.
वही भिजते म्हणून लेकीनं लॅपटॉप घेऊन दिला.
मागून वाळूचा पडाव गेला, लाट आली,
फळीवरून घसरला.
कुणी ढकलला असं ती म्हणत नाही.

बातमी तिच्याआधी दुकानात पोचली होती.
नूडलवाली दियेप वाडगा घेऊन आली, पैसे नकोत म्हणाली,
"जगेल का?"
बर्फवाला तोआन न मागता बर्फाची लादी ठेवून गेला.
बाय काका तर तासभर बसला दवाखान्यात बसल्यासारखा :
"या वयात कशाला त्याचे हाल करतोस?"
सगळ्यांनी देव पाण्यात घातलेले.
मी कुणालाच काही बोललो नाही.

मीही देणं लागतो.
बायको अंथरुणाला होती ते वर्ष,
दुकान बंद, सात महिने तिच्याच होडीवरचं खाल्लं.
आकडा मला पाठ आहे : बेचाळीस लाख डोंग.

रात्री पोऱ्याला घरी पाठवलं.
आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मग एकेक स्क्रू
चुंबकावर, ज्या जागचा त्या जागी.
जुना दात घासायचा ब्रश, स्पिरिट,
घासत राहिलो हिरवं जाईपर्यंत.
मीटरचा काटा लावला की बोर्ड
कुठे बोलायचा, कुठे गप्प.
एकदा वाटलं, चिमटा जरा घसरला
तर कोण विचारणार आहे?
हात पुसला. चहा केला. पुन्हा बसलो.

अडीचला पडदा उजळला.
घड्याळाचा सेल मेलेला, म्हणून तारीख
कुठल्याशा जुन्या सालातली एक जानेवारी.
त्याच्या लेखी अजून
कुणी कुणाचं काही घेतलंच नव्हतं.

एक फाइल उघडून बघावीच लागते,
कामाचा भाग आहे तो.
माझं नाव सापडलं.
पुढे : अठरा लाख.

वरच्या-खालच्या ओळी वाचल्या नाहीत.
खोटं कशाला, दोन वाचल्या.

चौदा वर्षं मी मशीनं पाण्यातून काढतोय.
पाणी काय करतं मला ठाऊक आहे.
अक्षरं कुरतडतं, फाइल नासवतं,
अख्खंच्या अख्खं पान गिळतं.
वजाबाकी करत नाही.

सकाळी ती आली. दुरुस्तीचे पाच लाख, मी सांगितले.
ती तीनवर अडली. मी घासाघीस केली,
आवाज चढवून, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल इतकी.
साडेचारला तुटलं.
एक डोंग सोडला नाही मी.
सोडला असता तर तिला कळलं असतं.

लॅपटॉप तिनं रेनकोटात गुंडाळला, धक्क्याकडे निघाली,
पायरीवरून वळली :
"आणि तो तांदूळ? खाल्लेला चालेल?"
नको, मी म्हटलं.
"बरं. बदकांना घालते."