एकशे अठरा

शनिवार अजून नऊ दिवस लांब
आणि स्वयंपाकघरातलं टेबल आत्ताच नकाशाखाली गेलंय.
प्रसन्न म्हणतो, दार उघडल्या उघडल्या उजवीकडे सुटायचं,
सगळं जग डावीकडे वळतं म्हणे.
हे त्याला कामावरच्या कुणा डॅरेननं सांगितलं,
जो दरवर्षी जातो आणि दरवर्षी भिजून येतो.

डर्बीत आम्हाला सहा वर्षं झाली.
ते पार्क तासाभरावर, मेंढ्यांच्या टेकड्यांपलीकडे.
त्याची तपकिरी पाटी दर वेळी दिसायची
आणि दर वेळी आम्ही दुसरीकडेच निघालेले,
कधी व्हिसाच्या कागदांसाठी,
कधी लेस्टरला, तूरडाळ आणायला.

तिकिटं काढली. पाऊस पडला तरी पैसे परत नाहीत.
पडणारच. पाऊस इथला घरजावई,
आला की उठायचं नाव नाही.
रेनकोट चार, कोरडे मोजे आठ,
तिखटमिठाच्या पुऱ्या, आत नेऊ देतात का विचारायचं,
नाही म्हणाले तर पार्किंगमध्ये, डिकी उघडून, उभ्याउभ्या.
लोणचं नको. मागच्या सीटला अजून आठवतंय.

मैथिलीला एकच पाळणा हवाय,
सगळ्यात काळा, सगळ्यात उंच,
ज्याच्या पायथ्याशी म्हणे एक लाकडी माणूस
हात आडवा धरून उभा असतो:
हाताखालून जात असशील तर आल्या वाटेनं परत जा.
एकशे वीस सेंटिमीटर.

रोज रात्री दात घासून
ती दाराच्या चौकटीला पाठ लावते.
पेन्सिल हलकी धरायची, घर भाड्याचं,
सोडताना सगळं खोडावं लागेल.
एकशे अठरा. काल एकशे अठरा.
दोन पेले दूध पिऊन एकशे अठरा.

'जाड तळव्याचे बूट घालू,' प्रसन्न म्हणाला,
'वर उंच अंबाडा बांधू.'
तो हसत होता. मीही.

आबा हसले नाहीत.
माझे वडील. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले,
नगरपालिकेच्या विद्युत विभागातून निवृत्त.
आल्यापासून एकच विचारायचे,
तिथले नटबोल्ट कोण तपासतं?
आणि आम्ही 'कॉम्प्युटर' म्हणून विषय मिटवायचो.

आज चष्मा काढून नकाशावर ठेवला, नेमका तळ्यावर.
म्हणाले, जत्रेतला आकाशपाळणा मी पास करायचो.
वर चढून एकेक सांधा हातानं चाचपायचा, मग सही.
एका वर्षी अंगात ताप होता.
चढलो नाही. सही केली.
संध्याकाळी माणसं बसली, पाळणा फिरला,
आणि मी खाली जाऊन उभा राहिलो.
रात्री दीड वाजेपर्यंत, मान वर करून.
कुणी हातात उसाचा रस दिला
तो तसाच धरलेला.

'मग? काय झालं?'
मैथिली जिन्यावर. झोपलीच नव्हती.

'काही नाही झालं,' आबा म्हणाले.
'पहिल्या फेरीत तुझी आई होती.
तुझ्याएवढी. वरून हात हलवत होती.'

आठवतो मला तो पाळणा.
गुलाबी बल्ब, ग्रीसचा वास,
पोटात एक रिकामी वाटी,
आणि खाली गर्दीत वडील, एवढेसे.
मला वाटलं होतं
मला बघायलाच थांबलेत.

नकाशा आपल्या घडीवर दुमडत नाही,
आडवातिडवा कसातरी दाबला.
काळ्या पाळण्यावर फुली मारली नाही मी,
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं. हलकं.
बूट मात्र रोजचेच.

यादीच्या तळाशी आबांच्या अक्षरात
एक ओळ आलीये: टॉर्च, सेल नवीन.
'भर दिवसा कशाला' असं प्रसन्न म्हणणार
तेवढ्यात टेबलाखालून मी त्याला पाय मारला.