सूप वाजलं नाही

लोडरच्या बकेटला तात्या सूपच म्हणायचे.
अठ्ठ्याऐंशी सालचा ट्रॅक्टर,
त्याला मागाहून बसवलेले दोन हात, हातांत सूप.
गुऱ्हाळावरची चिपाडं उचलायची, चुलवाणापाशी ओतायची.

संध्याकाळी वर ठेवलेलं सूप
रात्रभर बोटबोट खाली यायचं.
तेल कुठून सुटतं, कुणी शोधलं नव्हतं.
तात्या अंथरुणातून उठून पडवीत यायचे, बघायचे:
गुडघ्याला आलंय, म्हणजे तीन.
घोट्याला आलंय, चार वाजले, गुळव्याला हाक मारा.

यंदा सूप वर जायलाच तयार नाही.
पंप नुसता कण्हायचा.
गल्ली म्हणाली, वाजलं आता ह्याचं सूप,
विकून टाका.

मी वडणग्याहून ट्रॅक्टर काढला.
शिवाजी पुलावर मागच्या एस्टीनं हॉर्न देऊन देऊन
कान किटवले, तरी दुसऱ्या गिअरमध्येच
उद्यमनगर गाठलं.

दस्तगीर शिकलगारांनी आधी ट्रॅक्टरकडे पाहिलंच नाही.
तेल दोन बोटांत घेतलं, चोळलं, हुंगलं.
"पाणी हाय ह्यात. आणि चांदी बी."
चांदी म्हणजे पंपच,
पस्तीस हंगामांत कणाकणानं झिजून
स्वतःच्याच तेलात फिरत राहिलेला.

"मोठा पंप घाला," मी म्हटलं, "दाब वाढवा."
"वाढवतो की. पण पुढचा एक्सल कुणाचा?
पंप काय, ढकलत ऱ्हातोय.
मोडायचं काम दुसऱ्यालाच करावं लागतंय, पोरी."

चार दिवस लागले.
एकेरी सिलिंडर गेले, दुहेरी आले.
आधी तेल फक्त वर ढकलायचं,
खाली यायचं ते सूप आपल्या वजनानं.
आता दोन्हीकडं जोर, दोन लिव्हर,
आणि डाव्या हाताच्या बगलेत सापडलेल्या चिरेवर
चार सुती पट्टी, वेल्डिंग अजून निळं.
होजचं माप पोऱ्यानं सुतळीनं घेतलं,
स्टेअरिंग पार डावीकडं, पार उजवीकडं फिरवून.
"ताठ धरला तर तुटतोय, ढिला सोडला तर घासतोय,"
दस्तगीरचाचा सुतळीकडे बघत म्हणाले,
आणि चहा सांगितला.

शेवटी गेज लावलं. काटा एकशे चाळीसवर थरथरला.
"अजून दहा?" मी विचारलं.
त्यांनी पाना माझ्या हातात दिला.
"घे, फिरव. पण मग मोडलं तर नाव बी तुझंच."
पाना गरम होता.
मी तो बाकावर ठेवला.

घरी आल्यावर तात्याच सीटवर चढले.
सवयीनं लिव्हर जोरात पुढं लोटला.
सूप जमिनीला भिडलं, थांबलं नाही,
आणि ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं
हळूहळू मातीतून सुटली.
तात्या आभाळाकडं तोंड करून बसलेले,
टोपी मागं घसरलेली.
"आरं, ह्यानं तर स्वतःलाच उचललं की!"
गुळव्या हातातली ढवळी टाकून बघायला आला,
काहिलीतला रस तेवढ्यात उतू गेला,
त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

त्या रात्री मला जाग आली ती बॅटरीच्या उजेडानं.
तात्या अंगणात, मफलर गुंडाळून, उभे.
सूप छातीएवढं, संध्याकाळी ठेवलं होतं तिथंच,
एक बोटही खाली नाही.
त्यांनी वळून मला विचारलं,
"किती वाजलं गं?"

घड्याळ आत होतं. मोबाईल उशाशी.
मी ट्रॅक्टरवर चढले,
लिव्हर थोडा थोडा सोडला,
सूप आवाज न करता उतरू दिलं
कमरेला, गुडघ्याला,
त्यांच्या घोट्याला.

"चार," मी म्हटलं.
तात्यांनी गुळव्याला हाक मारली.