वजा वीस टक्के

पेपरात आलं, उजनी मायनसमध्ये गेली,
वजा वीस टक्के,
तसा बालामणीनं चहाचा कप खाली ठेवला.
म्हणाली, आता बंदर उघडलं असेल.

आम्ही साखर पेठेतली माणसं. पाणी आमच्याकडं
चार दिवसांआड येतं, पिंपात मावेल एवढं.
पोहता दोघांनाही येत नाही.
तरी कंदरच्या एका भोयाकडून नाव घेतली,
इंजिन त्यानं काढून ठेवलेलं, म्हणून स्वस्तात.
वासा मी रोवला. शीड तिनं शिवलं:
डबलबेडची चादर, सेकंडचा माल.
जेकार्डचं एक कार्ड चुकलं होतं
आणि मोराला दोन माना आल्या होत्या.
एकतीस वर्षांमागं शेठनं ती माझ्या अंगावर फेकली
आणि किंमत पगारातून कापली.

वारा तिच्यात शिरला तेव्हा
दोन्ही माना फुगल्या.
बालामणी म्हणाली, बघ, वसूल.

दोन रात्री पाण्यावर.
भाकरी, शेंगाचटणी, भोयांनी दिलेली चिलापी.
काठाकाठानं उसाच्या मोटारींचे काळे पाईप
पाण्यात तोंड घालून पडलेले,
डोक्यावर नदीसुरय, आमच्यावर चिडलेले.
तिसऱ्या दिवशी तरवडी दिसली.
शून्याच्या खालचं गाव.

घाटाच्या बत्तीस पायऱ्या, सोळा कोरड्या.
शेरडं राखणारा पोरगा म्हणाला,
इथं बैलासकट गाड्या नावंत चढायच्या.
त्यानं पाहिलं नव्हतं. त्याच्या आज्ज्यानं पाहिलेलं.
नावेचा दोर मी दीपमाळेला बांधला.
बालामणीनं आडोशाला इरकल नेसली,
पर्स घेतली. बाजारगाव आहे म्हणाली, असू दे.

भिंती गुडघ्याएवढ्या. उंबरे मात्र जागच्या जागी.
प्रत्येक उंबऱ्याशी ती चपला काढायची,
आत जाऊन उभी राहायची, उन्हात,
बाहेर येऊन चपला घालायची.
हे नाक्याचं ऑफिस असेल, मी म्हणालो.
न्हाव्याचं, ती म्हणाली.
उखळात शिंपले भरलेले, कुणी कांडायला घेतल्यासारखे.

मग एका घरात तो खड्डा.
कमरेएवढा, कडा दगडी, भिंतीला लागून.
मागाचा आहे, मी म्हणालो.
पेव हाय त्ये, पोरगा म्हणाला, जोंधळ्याचं.
बसून बघ, बालामणी म्हणाली.

बसलो.
मी चाळीस वर्षं उभ्यानं विणलं,
चार यंत्रांच्या मधे, कानात बोळे घालून.
खड्ड्यात बाप बसायचा.
पाय आत सोडले तर टाच आपोआप पावडी शोधू लागली.
खाली चिखल होता, गार, अजून धरणाचाच.
काहीतरी अंगठ्यावरून सरकलं. खेकडा असावा.

बालामणीनं चटणीचा रिकामा डबा
डावीकडून माझ्या हातात फेकला.
मी उजवीकडं. ती धावली तिकडं,
इरकल खोचून, पर्स काखेत,
आणि परत फेकला.
धोट्याचा आवाज तिनं तोंडानं काढला.
अकरा वेळा.
पोरगा आधी हसला, मग शेरडं सोडून
तोच एका बाजूला उभा राहिला, कारण ती दमली होती.

पेव असेल तर असेल.

दुपारनंतर वारा फिरला. पोरगा म्हणाला,
वरनं पाणी सोडलंय, चार दिसांत पायऱ्या जातील.
त्याला मी पाच रुपये द्यायला गेलो, त्यानं डबा मागितला.

रात्री आम्ही खोल पाण्यात नांगर टाकला.
नांगर म्हणजे जुन्या मागाचं लोखंडी चाक.
शीड उतरवून पांघरलं. माशांचा वास.
मोराची एक मान तिच्या अंगावर,
दुसरी काठावरून लोंबत भिजत राहिली,
ओढून घ्यायचा कंटाळा आला.

पहाटे ती उठून बसली.
चपला राहिल्या, म्हणाली.
कुठल्या उंबऱ्याशी, ते तिला आठवेना.