हातचा

ओराद्या शहरात, विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर
परिसंवादाचा दुसरा दिवस, जेवणानंतरचं सत्र.
हीटर एकाच कोपऱ्यात तापतो,
म्हणून सगळे विद्वान तिकडे सरकून बसलेत,
खांद्याला खांदा,
मतभेद जसेच्या तसे ठेवून.

पडद्यावर एकोणीसशे दहाची शिरगणती.
डॉक्टर सेप्तिमिउ काठीनं आकडा दाखवतात:
हा फुगवलेला.
ज्यूंना बाजूला काढा,
मग बघू तुम्ही हंगेरियन किती उरता.

ऑर्शोयाबाई चष्मा पुसतात, घालतात, पुन्हा काढतात.
आणि तीस सालच्या तुमच्या गणतीत
त्यांना वेगळा रकाना दिलात, तो काय मायेपोटी?
ते आमच्या भाषेत भांडत,
आमच्या भाषेत उधारी मांडत.
आमचेच ते.

काचेच्या खोक्यात दुभाषी एनिको
दोघांचंही 'आम्ही' एकाच घशातून बोलते.
मध्ये पाण्याचा घोट.

मग मागच्या रांगेतून आर्पाद लेफ्कोविच उठतात.
आर्पाद हे नाव बापानं हौसेनं ठेवलेलं,
घोड्यावरून आलेल्या मग्यार सरदाराचं.
आडनाव पायी आलेलं.
निवृत्त, गणिताचे मास्तर.
माइक नको म्हणतात.
प्रश्न नाही, म्हणतात, एक बेरीज आहे.

"माझे आजोबा पुलापाशी टोप्या शिवायचे.
जन्मभर शिवल्या, कुणाला घातली नाही.
दहा साली ते तुमच्या रकान्यात होते, बाई.
तीस साली, डॉक्टर, तुम्ही त्यांना उचलून पलीकडे ठेवलंत.
दोन्ही वेळी ते त्याच स्टुलावर,
तोंडात टाचण्या.
चव्वेचाळीसच्या मेमध्ये मात्र
त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं
यावरून एकाही कारकुनाचं अडलं नाही.

पोरांना मी शिकवायचो: सात आणि आठ पंधरा.
पाच लिहा..."

आणि इथे एनिको अडखळली.
कारण हंगेरियनमध्ये मास्तर म्हणाले, एक उरला.
रुमानियन पोरं तिथे म्हणतात, एक लक्षात ठेवला.
तीही तसंच म्हणाली, शाळेत म्हणायची त्या चालीत,
आणि हेडफोन लावलेल्या निम्म्या सभेला
आठवणीबद्दल काही ऐकू आलं,
निम्म्या सभेला उरण्याबद्दल.

माझ्या भाषेत तो हातचा.
पुढच्या घराच्या डोक्यावर बारीक लिहायचा,
मिळवायचा,
आणि वही तपासायला देण्याआधी
खोडून टाकायचा.

"तो धरायला विसरलं," मास्तर म्हणाले,
"की पुढची सगळी घरं चुकतात.
अक्षर कितीही चांगलं असो."
बसताना खुर्ची करकरली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं,
सूचनेची नोंद घेतली,
आणि डोंगरातल्या खेड्यांच्या आकड्यांकडे वळायचं
उद्यावर ढकललं.
काचेआड एनिको लाल झालेला कान चोळत राहिली.

कॉफीच्या टेबलापाशी
ऑर्शोयाबाईंनी साखर पुढे केली, डॉक्टरांनी चमचा,
दोघांनी एकदमच.
मास्तरांना मधुमेह.
चमचा घेतला त्यांनी,
आणि बिनसाखरेच्या कॉफीत
बराच वेळ फिरवला.