द्वारकाकाकीचा कान

शिरोड्याच्या बाजारातलं सगुणाचं दुकान मोडलं
तेव्हा खुर्ची आरवलीचा एक पोरगा घेऊन गेला,
आरसा कुठे गेला कोण जाणे.
माझ्या वाट्याला दीडशे रुपयांत
शिंगाच्या मुठीचा वस्तरा, पात्यावर गंजाचे तीन ठिपके,
आणि साबणाच्या वडीएवढा दगड,
मधोमध खोल गेलेला.

एसटीत अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडली मी.
मनगटाला झटक्याची सवय.
निवृत्त माणसाने सकाळी करायचं काय,
तर म्हटलं, हे शिकू.

पहिल्या आठवड्यात वस्तरा होता त्याहून बोथट झाला.
दंडावरचा केस तुटेना, नुसता वाकायचा,
साहेबापुढे वाकल्यासारखा.

मग सगळं रुमालात बांधून गेलो सगुणाच्याच घरी,
मिठागरांच्या बांधावरून, सुकतीच्या वेळी.
द्वारकाकाकी आत आठळ्या सोलत होती.
"माका काय इचारतंस?
चाळीस वर्सां घरात वस्तरो होतो, माजो हात नाय लागलो कधी.
बस थंय पडवीत. घास. मी आयकतंय."

ऐकते म्हणजे काय करते, ते तेव्हा कळलं नाही.

पाणी शिंपडलं, पातं आडवं ठेवलं, पुढे रेटलं.
"पाठ उचललंस."
पुन्हा.
"आता दाबतंस. वजन वस्तऱ्याचां पुरे, तुझां तुझ्याकडेच ठेय."
पुन्हा.
"धारेवरसून परतवलंस. पाठीवरसून फिरव.
झोपेत माणूस कूस बदलता, तसो."
भिंतीपलीकडे आठळीची साल टरकन निघे,
अलीकडे माझी.

तिसऱ्या दिवशी तिने दगडावर बोट फिरवलं.
खळग्यात ते जरा वेळ राहिलं.
"ह्यो आधी सपाट कर.
ह्याच्यात त्यांचो हात बसलो हा. तुझो बसाचो नाय."
पायरीच्या काळ्या दगडावर ओली रेती पसरून
दोन दुपारी मी एका माणसाचा खळगा पुसत बसलो.
राखाडी गाळ ओघळत माडाच्या आळ्यात गेला.
ती बघायला आली नाही.
दार मात्र उघडं होतं.

धारेचं एक आहे, दिसली तर ती धार नव्हे.
पातं उन्हात उभं धरायचं;
काठावर उजेडाची रेघ चमकली, की तिथे बोथट.
लागलेली जागा काळी असते, काहीच नसल्यासारखी.
जन्मभर सुटे पैसे मोजले,
नसलेलं मोजायला आत्ता बसलो.

सतराव्या दिवशी आतून काहीच आलं नाही.
पुढे, कूस, परत. पुढे, कूस, परत.
आवाज म्हणावा तर तोही नाही,
फळीने ओढताना ओलं मीठ सरकतं,
तसं काहीसं.
वाटलं, काकी विहिरीवर गेली असेल.
दंडावर पातं टेकवलं.
केस न सांगता पडला.

"काकी, झालं का?"

बऱ्याच वेळाने ती दारात आली,
पदराला हात पुसत. हात कोरडेच होते.
"ह्या आवाजाक माका जाग येय," म्हणाली.
"चार वाजता. भायर काळोख, आणि ह्यां."

मी पात्याला खोबरेल लावून वस्तरा मिटला.
खाऱ्या वाऱ्यात तो उघडा ठेवायचा नाही,
हेही तिनेच सांगितलेलं.
बेड्याजवळ पोचलो तेव्हा मागून म्हणाली,
"उद्या इलंस तर ऊन चढल्यावर ये."