चौदा टक्के

अंगठ्याएवढा चार्जर. पांढरा.
पाठीवर बारीक अक्षरांत: पाच व्होल्ट, दोन अँपिअर.
भिंगाशिवाय वाचता येत नाही असं वचन.

भागव्वा जांबोटीहून सकाळच्या बसनं आलीय,
खानापूर स्टँडवरून थेट दुकानात.
पदराची गाठ सोडून काउंटरवर ठेवते:
"वेर्ण्याहून पोरानं पाठवलाय. वंगाळ नसंल.
पर फोन काय भरंना झालाय. बघ की जरा."

मी मीटर जोडतो. सिमेंटचे दोन रेझिस्टर
स्टीलच्या वाटीत, पाण्यात बुडवून.
कोरडे ठेवले तर टेबल जळतं; एकदा जळलंय.
अर्धा अँपिअर: पाच पूर्णांक शून्य आठ.
एक: चार पूर्णांक नव्व्याण्णव. ठीक.
दीड: चार सत्तर, आणि आत कुठंतरी
रातकिडा किरकिरायला लागतो.
दोन:
आकडा पडतो, उठतो, पडतो.
वाटीतलं पाणी कोमट झालेलं.

"फसवलं म्हण की पोराला."

"थांब मावशी." फळीवरून बाबांचा व्हेरिअ‍ॅक उतरवतो,
भातगिरणीच्या मोटारी भरायचे तेव्हाचा,
अजून वार्निशचा वास येणारा.
मूठ फिरवत दोनशे तीसवरून खाली,
दोनशे, एकशे ऐंशी,
एकशे पासष्ट. ही तुमच्या गल्लीतली संध्याकाळ,
सगळे पंप एकदम सुरू झाल्यावरची.
चार्जर धरून राहतो. एक अँपिअर.
लिहिलंय त्याच्या निम्मं, पण सोडत नाही.
इथं आल्यावर भल्याभल्या कंपन्यांनी
मान टाकलेली मी बघितलीय.

"मग भरंना का?"
"लावतीस कधी?"
"आठला. त्याची शिफ्ट सुटली की.
तोंड दाखवून बोलतो, तासभर.
बॅटरी संपंल म्हणून लावूनच बसते मी."

तिचा फोन चार्जरला लावून
माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल घेतला.
समोर बसलेली भागव्वा माझ्या हातातही आली,
अर्धवट, कपाळाच्या वरची,
मागं माझंच कॅलेंडर उलटं.
मीटरवर शून्य पूर्णांक नऊ.
बॅटरी चौदा टक्के.
चहा आला, पिऊन झाला. चौदा टक्के.

"जेवढं येतं तेवढं बोलण्यात जातं, मावशी.
ह्याची काय चूक नाही."

तिनं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"तर मग ऱ्हाऊ दे की.
कमी तर होत नाही न्हवं?"

खणात अठरा वॅटचा होता, साडेतीनशेचा.
काढला नाही.

जाताना तिनं चार्जर मुठीत धरून बघितला,
"तापलाय गा," म्हणाली,
आणि गार होईस्तोवर गाठ मारली नाही.

वहीचे रकाने कन्नडात छापलेले, भरतो मी मराठीत:
जांबोटी. पांढरा. लिहिलंय दोन, देतो एक.
दोषाच्या रकान्यात 'आठ ते नऊ' लिहिलं,
मग खोडलं.